भिक्षुफळाचे लाडू

पातेल्यातलं पाणी अर्धा तास रटरटत होतं. ते इतकं गोड झालं होतं, की चमच्याच्या टोकावरचा थेंब जिभेवर ठेवला तरी त्याची गोडी कितीतरी वेळ रेंगाळत होती. पण पाक काही होत नव्हता. चैत्राली थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायची, बोटं हळूच लांब करायची आणि मध्ये तार दिसते का बघायची. रव्याच्या लाडवांना एकतारी पाक लागतो, एवढं तिला आईच्या आजूबाजूला लुडबुड करून माहीत झालं होतं. इथे मात्र बोटं नुसती ओली होत होती.

"ठोंब्या, कायतरी चुकालंय," ती म्हणाली.

ठोंब्या म्हणजे आबांच्या घरातला यंत्रमानव. त्याचं कारखान्यातलं नाव चांगलं भारदस्त होतं. पण पहिल्याच दिवशी आबा त्याला "जरा दूध बघ" असं सांगून बाहेर गेले आणि तो दूध ओट्यावरून फरशीवर येईपर्यंत इमानदारीत बघत उभा राहिला. तेव्हापासून तो ठोंब्याच झाला.

"तापमान सत्त्याण्णव अंश," तो पुस्तकी आवाजात म्हणाला. "गोडी साखरेच्या पाकाएवढी. तार शून्य."

"मग तार का येत नाही?"

"कारण पाक झालेला नाही."

असल्या उत्तराचं करायचं काय! चैत्रालीनं गॅस... नाही, गॅस जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तिनं शेगडीचं बटण अजून एक घर पुढे सरकवलं आणि पुन्हा ढवळायला लागली. तिला लाडू करायचेच होते, आणि आजच करायचे होते. ते तिच्या धाकट्या भावासाठी होते.

संग्राम आठ वर्षांचा. गेल्या वर्षी त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला. त्याच्या शरीरानं इन्शुलिन (रक्तातल्या साखरेला पेशींच्या आत जाऊ देणारं द्रव्य) बनवणंच बंद केलं होतं. त्यात त्याची काही चूक नव्हती आणि जास्त गोड खाल्ल्यामुळेही ते झालं नव्हतं. दंडावरची एक छोटी चकती रक्तातली साखर सतत मोजून मनगटावरच्या पट्टीवर दाखवायची आणि कमरेला लावलेला पंप त्याला इन्शुलिन द्यायचा. पण काहीही खायच्या आधी त्या पंपाला ग्रॅमचा आकडा सांगावा लागे. भाकरी-भाताचे आकडे आईनं पाठ करून घेतले होते; भाकरी गोड नसून का मोजायची, हे मात्र दोघांनी कधी विचारलं नव्हतं. वाढदिवसाला सगळी पोरं केकवर तुटून पडत तेव्हा हा आपला कोपऱ्यात उभा राहून हिशेब करत असायचा. हळूहळू त्यानं गोड खाणंच सोडून दिलं. गेल्या आठवड्यात एकदा तो तिला म्हणाला होता, "चैतू, मला एकदाच, फक्त एकदाच, न मोजता लाडू खायचाय."

तो हे रडत म्हणाला असता तर तिला एवढं लागलं नसतं. तो अगदी सहज म्हणाला होता, म्हणून ते तिच्या मनातून जाईना. आणि सुट्टीसाठी पन्हाळ्याला आबांकडे आल्यावर तिला आबांच्या फळीवर एक बरणी दिसली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘गोड, पण साखर नव्हे.’

"काय करालीस गं एवढ्या सकाळी?" आबा स्वयंपाकघरात डोकावले. आबा म्हणजे चैत्राली आणि संग्रामच्या आईचे वडील, डॉक्टर बळवंत पाटणकर. वनस्पतींमधली रसायनं शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आताही निवृत्त झालेत असं नुसतं म्हणायचं. घरामागच्या काचघरात ते दिवसभर वेलींशी बोलत असायचे. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग ओट्यावरची बरणी बघितली. "अरे वा! माझ्या भिक्षुफळाची भुकटी!"

"लाडवांसाठी घेतली. चालेल ना?"

"घे की. खाण्यासाठीच हाय ती. पण पाक करालीस काय तिचा?" आबा गालात हसले. "संध्याकाळपर्यंत ढवळलंस तरी व्हायचा न्हाई."

"का? साखरेपेक्षा जास्त गोड आहे की ही!"

"तेच तर कोडं हाय. बस इथं. माझ्याकडं थोडाच वेळ हाय, फुलं मिटायच्या आत काचघरात गेलं पाहिजे."

आबांनी खिशातून एक वाळकं फळ काढलं. गोल, तपकिरी, चिकूपेक्षा जरासं मोठं आणि पिसासारखं हलकं. टिचकी मारली की आतून पोकळ आवाज यायचा.

"ह्याला चीनमध्ये लुओ हान ग्वो म्हणतात. दक्षिण चीनच्या धुकट डोंगरांत ह्याचे वेल असतात. आपल्या कर्टोलीचा लांबचा भाऊबंद म्हण. तिथले वैद्य शेकडो वर्षं हे वाळवून, फोडून उकळतात आणि घसा बसला, खोकला आला की प्यायला देतात. लुओ हान हा शब्द कुठला, ठाऊक हाय? आपलाच. अर्हत म्हणजे मोठ्या योग्यतेचा बौद्ध भिक्षू. शब्द इथून भिक्षूंबरोबर चालत गेला, आणि फळ माझ्याकडं परत आलं. म्हणून मी त्याला भिक्षुफळ म्हणतो."

"खोकला खरंच जातो?"

"घशाला बरं वाटतं, असं पिणारे सांगतात. किती गुण फळाचा आणि किती गरम पाण्याचा, ते अजून नीट तपासायचं राहिलंय. जे तपासलेलं न्हाई ते मी छातीठोक सांगणार न्हाई. पण गोडीचं मात्र तपासलंय." आबांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. "ह्यात मोग्रोसाइड (या फळातलं गोड लागणारं द्रव्य) असतं. ते साखरेच्या साधारण अडीचशे पट गोड. आता सांग, साखर दोन वाट्या लागली असती तर ही भुकटी किती घातलीस?"

"चिमूटभर."

"मग पातेल्यात उरलं काय?"

चैत्रालीनं पातेल्यात बघितलं. "पाणी," ती हळूच म्हणाली. "नुसतं पाणी."

"आता कसं! पाकात पाण्यापेक्षा साखर जास्त असते. साखरेचे कण पाण्याच्या कणांना धरून ठेवतात, त्यांना मोकळं फिरू देत न्हाईत. म्हणून पाक दाट होतो आणि बोटांमध्ये तार धरतो. हा ठोंब्या तुला मघापासून खूण सांगत होता. सत्त्याण्णव अंश म्हणाला न्हवं? डोंगरावर नुसतं पाणी एवढ्यालाच उकळतं. साखरेचा पाक त्याच्या बराच वर तापला असता."

"पण मग ते गोड कसं लागतं? साखर नसताना?"

"जिभेवर बारीक बारीक ग्राहक (विशिष्ट कण आला की मेंदूला खबर देणारे भाग) असतात. दारावरची बेल समज. साखर येते, बेल वाजवते, मेंदू म्हणतो, ‘गोड!’ मग साखर घरात शिरते, म्हणजे पोटातून रक्तात जाते आणि अंगाला शक्ती देते. मोग्रोसाइडचा आकार असा, की बेल त्यालाही वाजवता येते. उलट जास्तच जोरात. पण ते साखर म्हणून रक्तात जात न्हाई. तुम्ही पोरं भरदुपारी बेल वाजवून पळता की न्हाई? तसलंच ते."

चैत्राली हसली. मग एकदम तिचे डोळे चमकले. "म्हणजे रक्तातली साखर ह्यानं वाढत नाही?"

"ह्या भुकटीनं न्हाई वाढत. बरं, मी पळतो. मादी फुलांना हातानं पराग लावायचे असतात, आणि त्या फुलांना माझ्यासाठी थांबायची सवय न्हाई."

आबा गेले. त्यांना एवढी घाई नसती, तर लाडू कुणासाठी आहेत हे त्यांनी नक्की विचारलं असतं.

पाकाचा नाद चैत्रालीनं सोडला. तिनं रवा तुपावर खमंग भाजला, भुकटी घातली, वेलदोडा घातला आणि दुधाचा हबका मारून मिश्रण वळायला घेतलं. पहिले काही लाडू वळता वळताच फुटले. मग तिनं आणखी तूप ओतलं. शेवटी ताटात वेड्यावाकड्या लाडवांची एक रांग तयार झाली. संग्रामला हाक मारण्याआधी तिनं खात्री करून घेतली.

"ठोंब्या, ह्यात साखर किती घातली मी?"

"साखर अजिबात घातलेली नाही."

संग्राम आला. तिनं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "न मोजता खा."

त्याला आधी पटेचना. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, ठोंब्याकडे बघितलं. "साखर नाही? खरंच?"

"साखर अजिबात घातलेली नाही," ठोंब्यानं पुन्हा सांगितलं.

पंपानं किती खाणार म्हणून विचारलं तेव्हा संग्रामनं शून्य दाबलं आणि लाडू उचलला. त्याला त्या एका वर्षात असं खाताना चैत्रालीनं पाहिलंच नव्हतं. पहिला लाडू त्यानं डोळे मिटून खाल्ला, दुसरा बोलत बोलत, तिसरा अंगणात पळत. तोंडाला रवा, शर्टाला तूप, आणि एका हातात चौथा. चैत्रालीनंही त्याच्याबरोबरीनं चार खाल्ले. तिला इतका आनंद झाला होता की तिला रडू येईल असं वाटलं.

दोघं बराच वेळ अंगणात खेळले. मग संग्राम पायरीवर बसला. पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. चिडचिड करायला लागला. आणि त्याच्या मनगटावरची पट्टी थरथरायला लागली. पट्टीवरचा बाण सरळ वर गेला होता. एकशे ऐंशीच्या आत असायला हवा तो आकडा होता दोनशे नव्वद.

चैत्राली ओरडली, "ठोंब्या! तू तर म्हणालास साखर नाही!"

"तुम्ही किती साखर घातली असं विचारलं होतं. साखर घातली नव्हती."

तिला त्याला एक धपाटा घालावासा वाटला, पण तो धातूचा होता. ती काचघराकडे पळत सुटली. "आबा! आबा, लवकर या! मी संग्रामला... मी काय करून बसले!"

आबा आले ते पराग लावायची काडी हातात तशीच धरून. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पट्टी बघितली, कोल्हापूरला आईला फोन लावला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या हिशेबाप्रमाणे, आईनं सांगितला तेवढाच आकडा पंपावर दाबला. संग्रामला पाण्याचा तांब्या दिला. "घाबरायचं न्हाई. वेळेत कळलं. आता हळूहळू उतरंल," ते म्हणाले आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसले. चैत्राली मात्र भिंतीला टेकून हुंदके देत होती.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मला वाटलं भुकटीनं साखर वाढत नाही."

"वाढत न्हाईच. ते मी खरंच सांगितलं. पण ते अर्धंच सांगितलं. लाडू कुणासाठी, हे विचारायला पाहिजे होतं मी." आबांनी तिला जवळ बोलावलं. "भुकटीनं न्हाई, तर मग कशानं वाढली?"

"लाडवात दुसरं गोड काहीच नव्हतं. रवा होता, तूप होतं, चमचाभर दूध."

"ठोंब्या, सकाळच्या भाकरीचा तुकडा आण. चैतू, हा तोंडात टाक. गिळायचा न्हाई, नुसता चावत राहायचा. संग्राम, तू तिच्या तोंडाकडं लक्ष ठेव, गिळली तर सांग."

चैत्राली डोळे पुसत चावायला लागली. कोरडी भाकरी तोंडात फिरत राहिली. संग्राम तिच्या जबड्याकडे टक लावून बघत होता. हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गोड लागालीय!" ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"लागणारच. भाकरी, भात, रवा, बटाटा, सगळ्यांत पिष्ट (पुष्कळ ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडून झालेला पदार्थ) असतं. ग्लुकोज म्हणजे आपल्या रक्तात असते ती साखर. कण जोडलेले असतात तोवर जिभेवरची बेल त्यांना वाजवता येत न्हाई, म्हणून रवा गोड लागत न्हाई. पण आपल्या थुंकीत विकर (पदार्थाचे तुकडे करणारं द्रव्य) असतं. ते ही जोडणी तोडायला लागतं. उरलेली सगळी पोटाच्या पुढं आतड्यात तुटते, आणि ग्लुकोज रक्तात जातं. तुपामुळं जरा सावकाश जातं, म्हणून तुमचा खेळ होईपर्यंत पत्ता लागला न्हाई."

चैत्रालीनं शब्द जुळवत जुळवत म्हटलं, "म्हणजे भिक्षुफळ जिभेला गोड, पण रक्ताला नाही. आणि रवा जिभेला गोड नाही, पण रक्तात जाऊन साखर होतो."

"बरोबर. जीभ फक्त दारातलं सांगते. आत काय शिरलं, ते तिला कळत न्हाई."

"म्हणजे मला मोजावंच लागणार," संग्राम एकदम म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "लाडू, भाकरी, भात, सगळंच. कायम. हिला नाही लागत, तुम्हाला नाही लागत. मला एकट्यालाच."

खोटा धीर द्यायची आबांना सवय नव्हती.

"ठोंब्या, माझं रक्त तपासायचं यंत्र आण," ते म्हणाले. "चैतू, तू किती लाडू खाल्लेस?"

"चार. त्याच्याएवढेच."

आबांनी तिचं बोट पुसलं, सुईनं टोचलं आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला एकशे अठरा. त्यांनी तो संग्रामला दाखवला.

"हे कसं? तेच लाडू, तेवढेच, त्याच वेळी," आबांनी विचारलं.

संग्रामनं यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "हिच्यात इन्शुलिन आहे."

"किती आलं? कमी आलं असतं तर हिचा आकडा तुझ्यासारखा वर गेला असता. जास्त आलं असतं तर हिला घाम फुटून चक्कर आली असती. आलं ते नेमकं चार लाडवांपुरतं. मग चार लाडू मोजले कुणी?"

संग्रामनं चैत्रालीकडे बघितलं. तिनं मान हलवली. "मी नाही मोजले."

"तिच्या स्वादुपिंडानं (जठराच्या मागं असलेली, इन्शुलिन बनवणारी ग्रंथी) मोजले. तिला न विचारता, न सांगता. घास घास मोजतं ते. मी सकाळी चहाबरोबर पाव खाल्ला, तोही मोजला गेला. न मोजता कुणीच खात न्हाई, पोरा. खाऊच शकत न्हाई. आमचं मोजणं आम्हाला ऐकू येत न्हाई, एवढाच फरक. तुझ्या स्वादुपिंडातल्या त्या पेशी गेल्या. त्यांचं काम तू डोक्यानं करतोस."

संग्रामनं मनगटाकडे बघितलं. पट्टीवरचा बाण आता आडवा झाला होता. मग त्यानं विचारलं, "हिच्या त्या पेशी कधी चुकत नाहीत?"

"निरोगी माणसात फारशा न्हाई चुकत. लाखो वर्षांचा सराव हाय त्यांना."

"आणि मी एका वर्षात शिकलो."

"व्हय," आबा म्हणाले. "आठ वर्षांचा असून शिकलास."

चैत्रालीनं भावाचा हात घट्ट धरला. मघापासून मनात घोळत होतं ते ती बोलून गेली, "मला तुला न मोजता खायला द्यायचं होतं. ते नाही जमलं. पण मीपण शिकते. आजपासून तू एकटा नाही मोजायचास."

रविवारी आई पन्हाळ्याला आली. दुपारी तिच्यासमोर पुन्हा लाडू झाले. भिक्षुफळाची भुकटी घालूनच, कारण साखरेचा भार गेल्यामुळे मोजायचं निम्म्यावर आलं होतं. या वेळी संग्रामनं रवा स्वतः तराजूवर तोलला, ठोंब्याला रवा, दूध, तूप या प्रत्येकाचं वेगवेगळं विचारलं आणि एका लाडवातून रक्तात किती ग्रॅम साखर जाईल तो आकडा काढला. "तेरा!" त्यानं जाहीर केलं.

चैत्रालीनं दोन लाडू घेतले आणि मोठ्यानं म्हणाली, "सव्वीस!" आबांनी दीड घेतला आणि बोटांवर हिशेब करत बसले. "अठरा?"

"साडेएकोणीस, आबा," संग्राम म्हणाला. त्यानं स्वतःचा आकडा पंपावर दाबला आणि इन्शुलिन लागू पडायला डॉक्टरांनी सांगितलेली वेळ जाईपर्यंत थांबला. त्याच्यासाठी बाकीचेही थांबले. कुणीच आधी हात लावला नाही. मग चौघांनी मिळून लाडू खाल्ले. आईनं ते जरा कोरडे झालेत असं म्हटलं, पण दुसरा घेतला.

खाता खाता आबा सांगत होते. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून माणसाच्या शरीरात बसवायचं काम आता पुष्कळ पुढं गेलंय. मोठ्या माणसांपैकी काहींना त्या बसवल्याही आहेत. मुलांसाठी अजून थोडी वाट बघावी लागेल. पण एक दिवस मोजायचं काम पुन्हा पोटातच होईल, गुपचूप.

"मग मला मोजावं लागणार नाही?"

"न्हाई."

संग्रामनं लाडवाचा शेवटचा घास खाल्ला आणि विचार केला.

"तरीपण आबा, पहिले थोडे दिवस मी मोजणारच," तो म्हणाला. "त्या पेशी नवीन असतील ना. त्यांना बरोबर येतंय का, ते कुणीतरी बघायला नको?"